कुत्रं विलायतेला गेलं, नाव माघारी आलं

(गेवराई येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन)



आजचा विषय ऐकून काही जणांना हसू आलं असेल. कुत्र्याला परदेशी न्यायचं, तिथे जोडीदार बघून फळवायचं आणि पुन्हा घरी आणायचं, हा काय इतिहासाचा विषय झाला? आपल्या भागात इतिहास म्हटला की राक्षसभुवन आठवतं. 10 ऑगस्ट 1763, गोदावरीचा काठ, थोरले माधवराव आणि निजामाची फौज. ते आठवलंच पाहिजे. पण त्या फौजांना धान्य कोण पुरवत होतं? बंजाऱ्यांचे तांडे. हजारो बैल, त्यांच्या पाठीवर गोण्या, आणि रात्री तांडा राखायला कुत्री. लढाईचं वर्णन करणारा इतिहासकार सरदारांची नावं लिहितो, फार तर हत्तीचं नाव लिहितो. तांड्याच्या कुत्र्याचं नाव कुठल्या बखरीत येत नाही. आज आपण त्या कुत्र्याच्या मागावर जाणार आहोत.

जनावर चांगल्या वाणासाठी दूर नेण्याची रीत आपल्याला नवी नाही. गाय माजावर आली की दुसऱ्या गावच्या वळूकडे नेतात. 'गाय दाखवायला नेली' म्हणतात आणि चार दिवसांनी 'फळली का?' म्हणून विचारतात. गाय संध्याकाळी आपल्या दावणीला परत येते. हा व्यवहार दोन गावांमधला असतो तोवर सरळ आहे. तो दोन देशांमधला झाला की त्यात तीन गोष्टी घुसतात: रोग, कागद आणि नाव. माझं आजचं म्हणणं एवढंच आहे की या तिन्हींपैकी नाव ही सगळ्यात वजनदार गोष्ट ठरली. कुत्री गेली, कुत्री आली, किंवा आली नाहीत. पण नाव मात्र परत आलं, आणि त्या नावाने घरातल्या कुत्र्याचा आणि ते पाळणाऱ्या माणसाचाही हिशेब बदलून टाकला.

सुरुवात जरा लांबून करू. रामायणात भरत आजोळी असतो. दशरथ गेल्यावर त्याला अयोध्येला बोलावणं येतं. निघताना केकय देशाचा राजा त्याला भेटी देतो, आणि त्यात राजवाड्यात वाढवलेली, मोठ्या अंगाची, वाघाच्या ताकदीची कुत्री असतात. म्हणजे कुत्री घेऊन घरी परतणारा आपल्या वाङ्मयातला पहिला ठळक प्रवासी भरत आहे, असं म्हणायला हरकत नाही. भरताचं मन त्या वेळी भेटींत नव्हतं हा भाग वेगळा. केकय म्हणजे वायव्येकडचा प्रदेश. आणि त्याच दिशेला, आणखी पश्चिमेला, हिंदी कुत्र्यांचा लौकिक होता.

ग्रीक इतिहासकार हेरोडोटस बाबिलोनच्या एका इराणी सुभेदाराबद्दल लिहितो. त्याच्यापाशी हिंदी कुत्री इतकी होती, की त्यांच्या खाण्याची सोय चार मोठ्या गावांवर टाकली होती आणि त्या गावांना बाकीचे कर माफ होते. बघा, चार गावांचा महसूल कुत्र्यांवर! पुढे झर्क्सिस ग्रीसवर चालून गेला तेव्हा सैन्याबरोबर हिंदी कुत्रीही होती असं तोच सांगतो. अलेक्झांडर पंजाबात आला तेव्हा सौभूती नावाच्या राजाने त्याला सिंहाशी झुंजणारी कुत्री भेट दिली, ही हकीकत ग्रीक लेखकांनी रंगवून सांगितली आहे. आणि इजिप्तमध्ये, ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात, झेनोन नावाच्या कारभाऱ्याच्या कागदपत्रांत टॉरोन नावाच्या हिंदी कुत्र्यासाठी लिहिलेल्या दोन मृत्युकविता सापडल्या. त्या कुत्र्याने रानडुकराला मारून मालकाला वाचवलं आणि स्वतः जिवाला मुकलं.

आता यात एक गोष्ट लक्षात घ्या. या साऱ्या कुत्र्यांना परदेशात 'हिंदी' म्हटलं जायचं. आपल्याकडे त्यांना कोणी हिंदी म्हणत नव्हतं. माशाला पाण्याचं नाव नसतं, तसं ते आहे. जनावर सीमेपलीकडे गेलं की त्याला देशाचं नाव मिळतं. अॅरिस्टॉटलने तर हिंदी कुत्री वाघ आणि कुत्री यांच्या संकरातून होतात अशी ऐकीव गोष्ट नोंदवून ठेवली. एवढा मोठा तर्कशास्त्रज्ञ, पण दूरदेशीच्या कुत्र्याबद्दल त्यालाही दंतकथाच मिळाली. नाव आणि दंतकथा एकत्रच प्रवास करतात, ही खूणगाठ बांधून ठेवा. पुढे मुधोळला तिचा उपयोग आहे.

आपण मुधोळला येऊ. घटप्रभेच्या काठचं हे गाव आज कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यात आहे, पण संस्थान घोरपड्यांचं, मराठा घराण्याचं. तिथे, आणि आपल्याकडे लातूर-सोलापूरच्या बाजूला, एक कुत्रं आहे. डोकं लांब आणि अरुंद, छाती खोल, पोट आत गेलेलं, पाय लांब, अंगावर चरबी नाही. वासावर नाही, नजरेवर शिकार करणारं. ससा दिसला की सुटलं. आपल्याकडे त्याला कारवानी म्हणतात. केसाळ असेल तर पश्मी. कारवानी हा शब्दच सांगतो की ते काफिल्यांबरोबर फिरणारं कुत्रं आहे. मध्य आणि पश्चिम आशियात याच बांध्याची कुत्री आहेत, सलुकी आहे, अफगाण आहे. तेव्हा व्यापारी, फौजा, तांडे यांच्याबरोबर ही अवलाद दख्खनेत आली आणि इथे रुजली, असं परंपरेने मानलं जातं.

रुजवली कोणी? बेरड-बेडर, पारधी, धनगर, बंजारा. ज्यांचा संसार पालात आणि पाठीवर, त्यांनी. कुठली मादी कुठल्या नराला द्यायची, कुठलं पिल्लू ठेवायचं आणि कुठलं नाही, हा निर्णय पिढ्यान् पिढ्या त्यांनी केला. त्यासाठी त्यांच्याकडे वही नव्हती. डोळा होता आणि गरज होती. जे कुत्रं ससा आणत नाही त्याला भाकरी का घालायची? आज ज्याला आपण निवड-पैदास म्हणतो, ती हीच.

मुधोळ संस्थानातच हलगली नावाचं बेडरांचं गाव आहे. 1857 साली इंग्रजांनी लोकांकडून हत्यारं काढून घ्यायला सुरुवात केली. हलगलीच्या बेडरांनी हत्यारं द्यायला नकार दिला. नोव्हेंबरात इंग्रजांची फौज आली, गाव जाळलं, माणसं मारली, उरलेल्यांतल्या कित्येकांना फाशी दिली. या बंडाची गाणी त्या भागात पुढे गायली गेली. मी इथे माझा एक तर्क मांडतो, तो तर्क म्हणूनच घ्या. ज्या माणसाची बंदूक आणि तलवार जाते, त्याच्या घरात शिकारीचं एकच साधन उरतं, ते म्हणजे कुत्रं. त्याला परवाना लागत नाही. तेव्हा हत्यारबंदीनंतर त्या झोपड्यांतल्या कुत्र्यांची किंमत वाढलीच असणार.

आणि मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुधोळचे राजे मालोजीराव घोरपडे यांची नजर या कुत्र्यांवर पडते. ते ती गोळा करतात, त्यांची पैदास नीट करवतात. आणि प्रसिद्ध कथा अशी, की विलायतेला गेले असताना त्यांनी एक जोडी बादशहा पाचव्या जॉर्जला नजर केली आणि बादशहाने त्या कुत्र्यांना 'मुधोळ हाउंड' म्हटलं. झालं. कुत्रं बेडराच्या झोपडीतून निघालं, राजाच्या वाड्यात आलं, तिथून बादशहाच्या दरबारात गेलं, आणि प्रत्येक टप्प्यावर त्याच्या मागचा आधीचा मालक पुसला गेला. परत जे आलं ते नाव. आणि नावात कोण होतं? संस्थान होतं. हलगली नव्हती.

मालोजीरावांना दोष द्यायचा माझा हेतू नाही. त्यांनी लक्ष घातलं नसतं तर ही अवलाद पातळ होऊन गेली असती, हे मानायला जागा आहे. प्रश्न माणसाचा नाही, रीतीचा आहे. ती रीत समजून घ्यायला त्या काळच्या इंग्लंडकडे बघावं लागेल.

लंडनचा केनेल क्लब 1873 सालचा. त्याआधीही कुत्री होती, शिकारी होते. क्लबने नवीन काय केलं? वही उघडली. आई कोण, बाप कोण, आजा कोण, याची नोंद सुरू केली, आणि एका टप्प्यावर वही बंद केली. आता वहीत ज्यांची नावं आहेत त्यांचीच पिल्लं 'शुद्ध'. मग साम्राज्यभरातून कुत्री येऊ लागली. 1895 साली फ्लोरेन्स अॅम्हर्स्ट या बाईंनी इजिप्तहून सलुकी आणली. 1907 साली जारदीन नावाचं अफगाण कुत्रं एक इंग्रज लष्करी अधिकारी हिंदुस्थानच्या वाटेने घेऊन गेला, ते लंडनच्या प्रदर्शनात गाजलं, आणि पुढे अफगाण हाउंड कसं दिसावं याचा नमुना त्याच्यावरून ठरला. विचार करा: अफगाणिस्तानातल्या हजारो कुत्र्यांनी कसं असावं, हे लंडनला पोहोचलेल्या एका कुत्र्यावरून ठरलं!

इथे मी तुम्हाला माझ्या विषयातली, तत्त्वज्ञानातली एक गंमत सांगतो. न्यायसूत्रांत 'जाती'ची व्याख्या करताना गौतमांनी 'प्रसव' हा शब्द वापरला आहे. प्रसव म्हणजे जन्म देणं. पण जाती कशाला जन्म देते? भाष्यकार वात्स्यायन सांगतात, की ती आपल्या मनात सारखेपणाची बुद्धी निर्माण करते. दहा गाई बघून 'ही गाय, ही पण गाय' असं जे वाटतं, ते. म्हणजे नैयायिकांच्या लेखी जातीचा प्रसव हा पिल्लांचा नाही, कल्पनेचा आहे. आणि आपण मराठीत कुत्र्याचीही 'जात' म्हणतो आणि माणसाचीही 'जात' म्हणतो. एकच शब्द. तिथेच सगळा घोटाळा आहे.

कुत्र्याच्या बाबतीत वेगळेपणा डोळ्यांना दिसतो. कारवानी आणि पामेरियन एकत्र उभे केले तर पोरगंही ओळखेल. तरी दोघांची पिल्लं होतात, कारण प्राणी एकच. माणसांत तर तेवढाही फरक नाही. सुत्तनिपातातल्या वासेट्ठ सुत्तात बुद्धाने हाच मुद्दा मांडला आहे: गवत, किडे, पक्षी, चतुष्पाद यांत खुणा वेगळ्या दिसतात, माणसांत तशा खुणा नाहीत. वज्रसूचीत हाच युक्तिवाद येतो, आणि आपल्या मराठवाड्यातल्या, शिऊरच्या, संत बहिणाबाईंनी तो वज्रसूचीचा अर्थ अभंगांत आणला. 1936 साली डॉ. आंबेडकरांनी 'जातिप्रथेचे विध्वंसन' या भाषणात, जात ही रक्त शुद्ध राखण्यासाठी आहे हा दावा मानववंशशास्त्राच्या आधाराने खोडून काढला. आणि त्याआधी, 20 मार्च 1927 ला महाडला काय घडलं? ज्या चवदार तळ्यावर जनावरांना पाणी पिण्याची मनाई नव्हती, तिथे माणसांना होती. कुत्र्याला जो हक्क होता तो माणसाला नव्हता. तेव्हा कुत्र्याच्या शुद्धतेबद्दल बोलताना आपण कशाबद्दल बोलतोय याचं भान ठेवायला हवं. हा शब्द आपल्या देशात निरुपद्रवी नाही.

बरं, कुत्र्यापुरती तरी शुद्धता फायद्याची आहे का? इथे विज्ञान काय सांगतं बघा. डाल्मेशियन नावाचं ठिपक्यांचं कुत्रं तुम्ही पाहिलं असेल. या जातीच्या कुत्र्यांच्या लघवीत यूरिक आम्ल फार असतं, त्यातून मुतखडे होतात. कारण तो दोषी जनुक सगळ्या जातीभर पसरला होता. वहीत निरोगी कुत्रं उरलंच नव्हतं. 1973 साली एका अमेरिकन जनुकशास्त्रज्ञाने एक डाल्मेशियन एका पॉइंटर कुत्र्याशी फळवलं, आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जोडत नेल्या. ठिपके राहिले, रोग गेला. पण अमेरिकन केनेल क्लबने त्या वंशाला कायमची वही उघडायला 2011 साल उजाडलं. एका संकराला मान्यता मिळायला अडतीस वर्षं!

दुसरं उदाहरण आजच्या विषयाच्या अगदी जवळचं. बसेंजी हे आफ्रिकेतलं कुत्रं. अमेरिकेत ते मोजक्याच पूर्वजांपासून वाढलं आणि त्यात मूत्रपिंडाचा आनुवंशिक रोग बळावला. मग 1987-88 मध्ये तिथले पाळणारे स्वतः उठून आफ्रिकेत, तेव्हाच्या झैरेत गेले, खेड्यापाड्यांतून कुत्री मिळवली, घरी आणली, आणि 1990 मध्ये क्लबने त्यांच्यासाठी वही उघडली. म्हणजे शुद्ध वंशाला वाचवायला कोण धावून आलं? ज्याची कुठेच नोंद नव्हती ते गावरान कुत्रं. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आता रोग आणि कागद. एखाद्या माणसाला आज आपली कारवानी मादी विलायतेला नेऊन फळवायची आहे आणि परत आणायची आहे. काय करावं लागेल?

इंग्लंडला पिसाळलेल्या कुत्र्यांची धास्ती फार जुनी. पाश्चरने 1885 साली जोसेफ माइस्टर या पोराला लस टोचली, आणि आपल्याकडे 1900 मध्ये कसौलीला पाश्चर संस्था निघाली. तोवर हिंदुस्थानातल्या ज्यांना परवडेल त्यांना उपचारासाठी पॅरिस गाठावं लागे. इंग्रजांनी आपल्या बेटावर दुसरा मार्ग धरला: कुत्र्यांना मुसक्या आणि बाहेरून येणाऱ्या कुत्र्यांना विलगीकरण. 1902 पर्यंत तिथला रेबीज संपला. पहिल्या महायुद्धानंतर, 1918 मध्ये, सैनिकांनी चोरून आणलेल्या कुत्र्यांबरोबर तो परत आला, आणि 1922 मध्ये पुन्हा संपवला. सहा महिन्यांचं विलगीकरण पुढे अनेक दशकं चाललं. म्हणजे त्या काळात आपल्याकडून गेलेलं कुत्रं, राजाचं असो की रंकाचं, नियमाप्रमाणे आधी अर्धं वर्ष पिंजऱ्यात. आणि तरीही 1969 साली केंबर्ली गावात जर्मनीहून आलेलं एक कुत्रं विलगीकरणातून सुटल्यावर काही दिवसांनी पिसाळलंच.

आज पद्धत बदलली. कुत्र्याच्या कातडीखाली तांदळाएवढी चिप बसवतात, तिच्यावर पंधरा आकडी क्रमांक असतो. चिप आधी, लस नंतर. उलटं केलं तर ती लस मोजत नाहीत. लसीनंतर निदान तीस दिवसांनी रक्त काढून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत तपासायचं. प्रतिकारद्रव्याचं प्रमाण ठरलेल्या पातळीच्या वर हवं. भारतासारख्या देशातून ब्रिटनला किंवा युरोपला जायचं तर रक्त घेतल्या तारखेपासून पुढे तीन महिने थांबायचं. मग मुंबईच्या केंद्रीय पशु विलगीकरण केंद्रातून निर्यातीचा आरोग्य दाखला. आणि परत येताना पुन्हा त्याच खात्याची ना हरकत.

आता याला निसर्गाचं गणित लावा. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. त्यातले फळण्याचे दिवस मोजके, चार-पाच. गाभण काळ सुमारे त्रेसष्ट दिवसांचा. कागद तयार आणि माज निघून गेला, किंवा माज आला आणि रक्ततपासणीचा अहवालच नाही! गाभण कुत्रीला पोट पुढे गेल्यावर विमानवाले घेत नाहीत. म्हणजे गेली, फळली, तर एक तर लगेच परतायचं किंवा पिल्लं होऊन ती मोठी होईपर्यंत तिथेच राहायचं. आणि पिल्लं तिथे जन्मली तर ती कुठली? आईबरोबर परत आणायची म्हटली तर प्रत्येक पिल्लू ही वेगळी आयात, त्याची चिप वेगळी, लस वेगळी. आपल्या सरकारने 2016 साली परदेशी कुत्र्यांची व्यापारी पैदाशीसाठी होणारी आयात बंद केली. मालकाबरोबर येणारं पाळीव कुत्रं, संशोधन, आणि पोलीस-लष्कराची गरज एवढी वाट ठेवली. पुढे ते प्रकरण न्यायालयातही गेलं. 2017 च्या नियमांनी देशातल्या देशात कुत्री पैदास करणाऱ्यालाही नोंदणी लावली: मादी अठरा महिन्यांची झाल्याशिवाय फळवायची नाही, वर्षात एकापेक्षा जास्त वेत घ्यायचं नाही.

मग लोक काय करतात? कुत्रं घरी ठेवतात आणि वीर्य पाठवतात. ही युक्ती मुळात कुत्र्यावरच सिद्ध झाली. अठराव्या शतकात, 1780 च्या सुमाराला, स्पालान्झानी नावाच्या इटालियन पाद्र्याने एका कुत्रीला पिचकारीने वीर्य सोडलं आणि बासष्ट दिवसांनी तिला तीन पिल्लं झाली. आज आपल्या गावोगावी गाईंना जी कृत्रिम रेतनाची नळी लावतात, तिची पणजी ही. द्रव नायट्रोजनच्या भांड्यात ते वीर्य सातासमुद्रापार जातं. प्रवासही नको, विलगीकरणही नको.

गाईंच्या बाबतीत तर याचं एक विलक्षण टोक आपण बघतोय. आंध्रातल्या ओंगोल गाई-वळू ब्राझीलला गेले, शेवटची मोठी खेप 1962 ची. तिथे त्यांची संख्या प्रचंड वाढली, आणि ब्राझीलने त्यांना नेल्लोर जिल्ह्यावरून 'नेलोरे' नाव दिलं. काठियावाडची गीर तिथे गेली आणि दुधाला आपल्यापेक्षा पुढे निघाली. आणि गेल्या काही वर्षांत आपल्याच सरकारने ब्राझीलहून गीरचं गोठवलेलं वीर्य आणण्याची पावलं उचलली. मूळ घर आपलं, वाण आपला, आणि विकत घ्यायची पाळीही आपली! कारण तिथे त्यांनी नोंदी ठेवल्या, दूध मोजलं. आपण गाईला माता म्हटलं आणि मोजायचं राहून गेलं. आपल्या भागातल्या लाल कंधारी आणि देवणीचं असं व्हायला नको असेल, तर वही आपणच घातली पाहिजे.

इथे कोणी मला अडवेल. 'सर, मघाशी तुम्ही वहीला नावं ठेवली, आता वही घाला म्हणताय.' बरोबर आहे, तो फरक सांगायला हवा. वही दोन प्रकारची असते. एक वही दार बंद करण्यासाठी असते: आत कोण आणि बाहेर कोण हे ठरवण्यासाठी. दुसरी वही आठवण ठेवण्यासाठी असते: कोण कुठून आलं, कशाने आजारी पडलं, कोणी वाढवलं. पहिल्या वहीने डाल्मेशियनला मुतखडे दिले. दुसऱ्या वहीने ब्राझीलला दूध दिलं. आपल्याला दुसरी हवी.

आणि कुत्र्याच्या बाबतीत ही दुसरी वही अजून अर्धीच आहे. मुधोळ हाउंडचं 2005 साली टपाल तिकीट निघालं. 2016 मध्ये लष्कराने मेरठच्या केंद्रात ही कुत्री शिकवायला घेतली. 2020 मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेने राजपालयम आणि चिप्पीपराई यांच्याबरोबर मुधोळची देशी जात म्हणून नोंद केली. हे सगळं चांगलंच झालं. पण अजून एक क्लब त्याला 'कॅरव्हान हाउंड' म्हणतो आणि दुसरा 'मुधोळ हाउंड'. एका नावात काफिला आहे, दुसऱ्यात संस्थान. बेडर-पारध्यांचं नाव दोन्हींत नाही.

आणि त्या माणसांचं काय झालं? 1871 च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या गेल्या. बघा हं, इथेही वंशावळच! बाप गुन्हेगार म्हणून पोरगं गुन्हेगार. केनेल क्लब 1873 चा आणि हा कायदा 1871 चा. दोन वर्षांचं अंतर. एका कागदाने कुत्र्याला जन्मावरून शुद्ध ठरवलं, दुसऱ्याने माणसाला जन्मावरून अशुद्ध ठरवलं. एकाच काळाचं डोकं दोन्हींकडे चाललेलं दिसतं. 1952 साली हा शिक्का कायद्याने पुसला गेला. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकारीवर बंधनं आली, ते रास्तच होतं. पण त्यामुळे कुत्र्याचंही काम गेलं आणि ते पाळणाऱ्याचंही. कुत्र्याला पुढे टपाल तिकीट मिळालं. पारध्याला आपल्या बीड जिल्ह्यात आजही जातीचा दाखला काढायला हेलपाटे घालावे लागतात, कारण पणजोबाचा रहिवासाचा पुरावा आणायचा कुठून? ज्याच्या हातून कुत्र्याची वंशावळ तयार झाली, त्याच्याकडे स्वतःच्या वंशावळीचा कागद नाही.

तेव्हा 'घरी परतणं' म्हणजे काय, हा प्रश्न मी तुमच्यापुढे ठेवतो. आपल्या तालुक्याला परतणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको. दिवाळीच्या आसपास इथल्या टोळ्या कोयते घेऊन ऊसतोडीला निघतात, साखरपट्ट्यात नाही तर थेट कर्नाटकात जातात, बैल बरोबर, लेकरं बरोबर, आणि गाडीखाली बांधलेलं कुत्रंही बरोबर. पट्टा पडला की परत येतात. त्या कुत्र्याला ना चिप, ना दाखला. ते दरवर्षी दुसऱ्या राज्यात जातं, तिथे त्याचं जे व्हायचं ते होतं, आणि पावसाळ्यात गेवराईच्या एखाद्या वस्तीवर पिल्लं होतात. शास्त्राच्या भाषेत हा जनुकांचा प्रवासच आहे, अगदी विनाखर्चाचा. आणि बसेंजीच्या गोष्टीवरून आपण शिकलो, की कधी काळी शुद्ध वंशाला हात द्यायची वेळ आलीच, तर तो हात अशाच वस्तीवरून येणार आहे.

माझी मागणी लहान आहे. तुमच्यात पशुवैद्यक शिकणारी मुलं असतील, इतिहासाचे, समाजशास्त्राचे विद्यार्थी असतील. कारवानी पाळणारी म्हातारी माणसं अजून आहेत. त्यांच्याकडे जा, सवडीने बसा आणि लिहून घ्या. चांगलं पिल्लू कसं ओळखता? कुठल्या नराला मादी देत नाही, आणि का? तुमच्या आज्याने हे कुत्रं कुठून आणलं? कुत्र्याच्या वर्णनाखाली सांगणाऱ्या माणसाचं पूर्ण नाव लिहा, त्याला विचारून लिहा. आणि हो, जाताना रेबीजची लसही घेऊन जा. ज्याचं ज्ञान घ्यायचं त्याच्या लेकरांची एवढी काळजी घेणं आपलं देणं लागतं. मुधोळचं नाव लंडनहून आलं. आपल्या कुत्र्यांची पुढची नोंद वस्तीवरून आली पाहिजे.

इथे थांबतो.